लिटरभर दुधाचा पुरता हिशेब: इंदूरकडच्या तरुण गोठेवाल्यांसाठी

देपालपूर, सांवेर, हातोद, महू या बाजूची मुलं-मुली हल्ली माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. "काकू, डेअरीला दूध घालून हातात काही उरत नाही. पनीर सुरू करू की तूप?" त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर संकलन केंद्रावर कॅन रिकामे केले, फॅटची चिठ्ठी घेतली आणि घरी परतले. ही मुलं शिकलेली आहेत. आपल्या गोठ्यातल्या दुधाचं पुढे काय होतं, हे त्यांना दुसऱ्यावर सोडायचं नाही. मला हे मनापासून आवडतं, म्हणून त्यांना तोंडी सांगते ते इथे नीट लिहून काढते आहे.

माझी ओळख एवढीच की एका डेअरीच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं केमिस्ट होते. आता लोकमान्यनगरात घराच्या मागच्या दोन खोल्यांत चक्का आणि तूप करते. दूध धाकट्या दिरांच्या गोठ्यातून येतं. त्यामुळे टेस्टिंगच्या नळीतलं दूध आणि गिऱ्हाईकाच्या पातेल्यातलं दूध, दोन्ही पाहिलेलं आहे.

"पनीर की तूप" हा माझ्या मते दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा: तुमच्या एका लिटर दुधातलं काय काय विकलं जाणार आहे, आणि काय फुकट जाणार आहे? म्हशीच्या लिटरभर दुधात साठ-सत्तर ग्रॅम फॅट आणि नव्वदेक ग्रॅम फॅटव्यतिरिक्तचे घन पदार्थ असतात, ज्याला आपण एसएनएफ म्हणतो: प्रथिनं, दुधाची साखर, क्षार. बाकी पाणी. एकच पदार्थ करणारा माणूस यातला एक भाग विकतो आणि दुसरा भाग एकतर त्याच पदार्थात फुकट घालतो, नाहीतर मोरीत ओततो. म्हणून मी एक पदार्थ सुचवत नाही, जोडी सुचवते. पनीर आणि तूप. चक्का आणि तूप. एकाचं उरलेलं दुसऱ्याचा कच्चा माल झालं पाहिजे.

आधी महिनाभर फक्त मोजा

काहीही विकत घेण्याआधी एक महिना दूध मोजा. कढई नको, मशीन नको, नावाचं स्टिकर तर नकोच. प्रत्येक जनावराचं सकाळचं आणि संध्याकाळचं दूध वेगळं लिहा, आणि आठवड्यातून एकदा तरी प्रत्येकीचा फॅट वेगळा काढून घ्या. केंद्रावर मिळते ती चिठ्ठी सगळ्या गोठ्याच्या मिसळलेल्या दुधाची असते. एखादी म्हैस साडेसात देते, दुसरी साडेपाच. पदार्थ करायचा तर हे कळलंच पाहिजे.

फॅट काढायची जुनी आणि खात्रीची रीत गर्बरची. १० मिली गंधकाम्ल, त्यावर हळूच १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवायचं आणि ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचायचं. पण हे आम्ल कातडी जाळतं. शिकल्याशिवाय आणि चष्मा-हातमोज्यांशिवाय स्वयंपाकघरात हा प्रयोग करू नका. संकलन केंद्रावरच्या मिल्क अॅनालायझरवर नमुने तपासून मिळत असतील तर सुरुवातीला तेवढं पुरेसं आहे.

याच महिन्यात एक सवय लावा, आणि ती मोडू नका. जनावराला दगडी झाली, कास सुजली, डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं, की त्या दिवसापासून औषधाच्या वेष्टनावर किंवा डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत तिचं दूध पदार्थाच्या भांड्यात जाता कामा नये. एक तर ते लोकांच्या पोटात जायला नको. दुसरं म्हणजे अँटिबायोटिक विरजणातले जंतूही मारतं. एका म्हशीचं असं दूध सगळ्यांच्या दुधात मिसळलं की अख्खी टाकी दही धरत नाही, आणि माणूस विरजणाला, हवेला, पाण्याला दोष देत बसतो. भिंतीवर फळा लावा. म्हशीचं नाव, औषधाची तारीख, दूध कधीपासून घ्यायचं ती तारीख. घरातला कुणीही धार काढो, आधी फळा बघायचा.

दूध टिकलं आहे की नाही ते बघायला महागडं काही लागत नाही. चमचाभर दूध परीक्षानळीत घालून पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरा. गुठळी झाली तर ते दूध तापवून पदार्थ करण्याच्या लायकीचं राहिलेलं नाही. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशीच्या वर असतो. सकाळी सहाला काढलेलं आणि न थंडवलेलं दूध नऊ-दहापर्यंत आंबायला लागतं. धार काढल्यावर दोन तासांत दूध थंड करायची सोय नसेल, तर पदार्थ गोठ्याजवळच करा. शहरात आणून करण्याच्या नादी लागू नका.

पनीर: नफा कुठे दडलेला असतो

सगळ्यांना पनीरच करायचं असतं, कारण ते रोज खपतं. तर आता वही घ्या. खालचे भाव उदाहरणासाठी धरले आहेत. तुम्ही तुमचे घाला.

समजा ७ फॅटचं म्हशीचं १०० लिटर दूध आहे आणि केंद्रावर त्याला लिटरला ५६ रुपये मिळतात. म्हणजे दुधाचे ५६०० रुपये झाले. म्हशीच्या दुधाला पनीरचा उतारा पाच लिटरला एक किलोच्या आसपास, म्हणजे २० किलो. हॉटेलवाल्याने ३४० रुपये किलोने घेतलं तर ६८००. गॅस, सायट्रिक आम्ल, कापड, पाकिटं, वीज, बर्फ, गाडी आणि मजुरी मिळून ११०० धरा. शिल्लक १०० रुपये. दिवसभर दोन माणसं राबून शंभर रुपये. पुष्कळ मुलं इथेच निराश होतात आणि मग कुणीतरी त्यांना पामतेलाचा रस्ता दाखवतं.

आता हेच दूध आधी क्रीम सेपरेटरमधून थोडं फिरवा आणि फॅट ७ वरून ६ वर आणा. पनीरच्या कायदेशीर मानकात ओलावा ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि कोरड्या वजनात फॅट निदान ५० टक्के हवा. ६ फॅटच्या म्हशीच्या दुधात हे बसतं, पनीर मऊ होतं आणि उताराही जवळपास तेवढाच राहतो. निघालेल्या सायीत एक किलोच्या आसपास फॅट असतो. त्याचं किलोभर तूप होतं. घरचं रवाळ तूप सातशेच्या खाली देऊ नका. शंभराच्या जागी आठशे शिल्लक राहिले, आणि पनीर तेच! वरचा एक टक्का फॅट तुम्ही आतापर्यंत हॉटेलवाल्याला फुकट देत होता.

करण्याची रीत थोडक्यात. दूध ९० अंशांपर्यंत तापवायचं, ७० वर उतरू द्यायचं, आणि सायट्रिक आम्लाचं एक टक्क्याचं तेवढंच गरम पाणी बारीक धारेने घालत हळू ढवळायचं. लिटरला साधारण दोन ग्रॅम आम्ल लागतं. पाणी हिरवट आणि नितळ दिसलं की थांबायचं. पाणी दुधाळ असेल तर प्रथिनं वाया चालली आहेत, आणि आम्ल जास्त झालं तर पनीर आंबट आणि भुसभुशीत होतं. गायीच्या दुधाला आम्ल थोडं जास्त लागतं आणि उतारा कमी पडतो, किलोला साडेसहा-सात लिटर. कापडात बांधून दाब द्यायचा, मग दोन-तीन तास चार-सहा अंशांच्या थंड पाण्यात बुडवून ठेवायचं. हे पाणी पिण्याचंच हवं आणि उकळून गार केलेलं हवं. आपल्याकडे बोअरचं पाणी थेट वापरणारे आहेत. दूध ९० अंशांवर नेऊन मारलेले जंतू ते शेवटच्या पायरीला परत घालतात. साध्या पाकिटातलं पनीर फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस चांगलं राहतं. बाहेर एक दिवससुद्धा धरू नका.

आणि पामतेलाबद्दल स्पष्टच सांगते. वनस्पती तेल घालून केलेल्या पदार्थाला पनीर म्हणणं कायद्याने गुन्हा आहे आणि आपल्या बापाच्या गोठ्याशी बेइमानी आहे. तुमच्याजवळ बाजारातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त असलेली एकच गोष्ट म्हणजे तुमचं स्वतःचं दूध. ती घालवलीत तर काय शिल्लक राहिलं?

चक्का आणि तूप: इंदूरसाठी माझी पसंती

मला विचाराल तर इंदुरात छोट्या माणसाने चक्का आणि तूप या जोडीपासून सुरुवात करावी. होळकरांच्या वेळेपासून इथे मराठी घरं आहेत. रामबाग, नारायणबाग, राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर या भागात पाडव्याला आणि दसऱ्याला श्रीखंड होतंच. पण नोकरी करणाऱ्या घरांत आता रात्रभर फडकं टांगून ठेवायला वेळ नसतो. त्यांना तयार श्रीखंडापेक्षा चांगला, ताजा, आंबट न झालेला चक्का हवा असतो. साखर, वेलची, केशर ती घरं स्वतःच्या चवीने घालतात. हे गिऱ्हाईक मोठ्या डेऱ्या नीट सांभाळत नाहीत. तिथे तुम्हाला जागा आहे.

घरी आपण सायीसकट दुधाचं दही लावून टांगतो. चार वाट्यांसाठी ते ठीक आहे. धंद्यात त्यात नुकसान आहे, कारण दही टांगताना फॅटचा काही भाग पाण्याबरोबर निघून जातो आणि फडक्यालाही लागून राहतो. त्यासाठी आधी दूध ४० अंशांना कोमट करून सेपरेटरमधून साय काढा, मलईविरहित दुधाचं दही लावा, चक्का बांधा, आणि मग त्यात मोजून दाट मलई मिसळा. ही युक्ती माझी नाही. वडोद्याच्या सुगम डेअरीत श्रीखंड यंत्रावर करायला लागले तेव्हा हीच वाट धरली होती: पातळ दुधाचं दही, यंत्राने पाणी वेगळं, नंतर मलई आणि साखर. मोठ्या यंत्रामागचं तत्त्व दोन खोल्यांतही तितकंच खरं ठरतं.

मलई किती घालायची? चक्क्याच्या मानकात घन पदार्थ निदान ३० टक्के, आणि कोरड्या वजनात फॅट निदान ३३ टक्के, प्रथिनं निदान ३० टक्के लागतात. म्हणजे तीस टक्के घन असलेल्या एक किलो चक्क्यात १०० ग्रॅमच्या आसपास फॅट हवा. तुमच्या मलईत ६० टक्के फॅट असेल तर पावणेदोनशे ग्रॅमच्या जवळपास मलई. पातळ मलई घातलीत तर चक्का सैल पडतो, म्हणून सेपरेटरचा स्क्रू दाट मलईवर ठेवा. एवढं करूनही बरीच मलई हातात राहते. तिचं तूप.

दह्याकडे मात्र जीव लावून बघा, कारण सगळी चव तिथेच ठरते. दूध ८५ ते ९० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. यात नको ते जंतू मरतात, शिवाय पाण्यात निघून जाणारी काही प्रथिनं केसिनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात आणि चक्का भरघोस निघतो. मग ३० अंशांपर्यंत गार करून शेकडा एक-दीड भाग विरजण. चौदा-सोळा तासांत दही लागतं. कालच्या दह्याचं विरजण वर्षभर ओढत राहू नका. त्यात घुसलेले रानटी जंतू हळूहळू चव बिघडवतात आणि एके दिवशी दह्याला तार येते. कोरडं कल्चर विकत मिळतं, आणि कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत डेअरी कल्चरचा राष्ट्रीय संग्रहच आहे. महिन्या-दीड महिन्याने नव्या कल्चरपासून विरजण परत उभं करा.

माळव्याच्या थंडीत रात्री पारा दहाच्याही खाली जातो. तेव्हा दह्याची भांडी थर्माकोलच्या पेटीत, बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून लावा. उन्हाळ्यात उलट. दही लागलं रे लागलं की थंड करा, आणि टांगणी थंड खोलीत किंवा फ्रिजमध्ये करा. उघड्यावर टांगलेला मे महिन्यातला चक्का पाणी गळेपर्यंत आंबट झालेला असतो. मग गिऱ्हाईक आंबटपणा मारायला साखर वाढवतं आणि नाव तुमचं खराब होतं.

साखरेवरून आठवलं. तयार श्रीखंड विकायचं असेल तर आजीचं "किलोला किलो" हे माप धंद्यात चालत नाही. श्रीखंडाच्या मानकात घन पदार्थ निदान ५८ टक्के हवेत आणि कोरड्या वजनात साखर ७२.५ टक्क्यांच्या वर नको. तीस टक्के घन असलेल्या किलोभर चक्क्यात किलोभर साखर घातली की हे प्रमाण ७७ टक्क्यांवर जातं. किलोला ७०० ग्रॅम घाला. घन ५८ च्या थोडे वर राहतात, साखर सत्तरच्या आसपास आणि प्रथिनं जेमतेम ९ टक्के, म्हणजे मर्यादेवर. त्यासाठी चक्का घट्ट बांधा, मग काठावर उभं राहावं लागत नाही. गोड कमी वाटेल अशी भीती बाळगू नका. चक्का आंबट नसला की तेवढी साखर पुरते.

उताऱ्याचा आकडा मी मुद्दाम देत नाही. तुमच्या दुधातली प्रथिनं, कापडाची वीण, किती तास टांगलं, यावर तो बदलतो. प्रत्येक घाणा तोला आणि लिहा. पंधरवड्यात तुमचा स्वतःचा आकडा तुमच्या हातात येईल आणि भाव त्यावरूनच ठरवा.

पाणी मोरीत ओतू नका

१०० लिटर दुधाचं पनीर केलं की ऐंशीएक लिटर हिरवट पाणी उरतं. चक्क्याचंही बरंच. त्यात दुधाची बहुतेक सगळी साखर आणि थोडी उत्तम प्रथिनं असतात. म्हणूनच ते नाल्यात गेलं तर पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. सांडपाण्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त. आपले नाले कान्ह नदीत जातात आणि कान्ह क्षिप्रेला मिळते. २०१७ पासून लागोपाठ अनेक वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर मिळवलेलं हे शहर आहे, इथे घराघरांत कचरा वेगळा करायला लोक शिकले. दूधवाल्यांनी त्यात मागे राहू नये.

उपयोग सोपे आहेत. पनीरचं थोडं पाणी रात्रभर ठेवून आंबवलं की दुसऱ्या दिवशी तेच दूध फाडायला चालतं, सायट्रिक आम्ल वाचतं. ताजं पाणी जनावरांना आंबोणात थोडं थोडं सवय लावून द्या. एकदम बादलीभर पुढे ठेवलं तर पोट बिघडतं. बेकरीवाला पीठ मळायला घेतो का ते विचारा. जिरं, सैंधव, आलं, पुदिना घालून थंड पेय करता येतं, आणि उन्हाळ्यात ते खपतं, पण त्यासाठी पाणी लगेच तापवून थंड करायची शिस्त हवी. ती बसेपर्यंत जनावरांना द्या.

मावा आणि बाकी मोह

इंदुरात सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, उभं राहिलं की प्रत्येकाला वाटतं आपणही रबडी, मावाबाटी, शिकंजी करावी. आपली शिकंजी दुधाची, सुकामेवा घातलेली; ती करणाऱ्यांचे हात पिढ्यांचे आहेत. तुम्ही त्यांना माल द्या, त्यांच्याशी शर्यत लावू नका. मावा रोजच्या धंद्यासाठी मला पटत नाही. पाच लिटर दूध तासभर आटवून एक किलो मिळतो, सरपण किंवा गॅस खूप जातो, आणि ओलसर माव्याला बुरशी पटकन धरते. दिवाळीच्या आधी, आगाऊ ऑर्डर आणि आगाऊ पैसे घेऊन करा.

हलवायांना माल देताना उधारी पहिल्याच दिवशी ठरवा. आठवड्याचा हिशेब आठवड्याला. तुमच्या म्हशीची पेंड उधार मिळत नाही.

खरवसाचीही मागणी येते, भाव चांगला येतो. पण पहिला चीक रेडकाचा आहे. वासराला जन्मल्यावर पहिल्या काही तासांत पोटभर चीक मिळाला नाही तर त्याला रोगाशी लढायची ताकद येत नाही. त्याचं पोट भरल्यावर उरेल त्याचाच खरवस.

विकायला सुरुवात बंदीच्या, म्हणजे रतिबाच्या, घरांपासून

तुमच्याकडे बंदीचं दूध घेणारी घरं असतील तर तुमची पहिली दुकानं तीच. ज्या बाईच्या दारात तुम्ही रोज सकाळी जाता, तिला शुक्रवारी सांगा, "रविवारी चक्का आहे, किती ठेवू?" आदल्या दिवशी ऑर्डर, दुसऱ्या दिवशी माल. असं केलं की उरत काहीच नाही, आणि न विकलेला माल हाच छोट्या डेअरीचा सर्वांत मोठा खर्च असतो. दुकानात ठेवायला दिलात तर परत आलेला माल, दुकानदाराचा टक्का आणि त्याचा बंद पडणारा फ्रिज, तिन्हींचा भार तुमच्यावर येतो. पन्नास पक्की घरं होईपर्यंत दुकानाचं नाव काढू नका.

तुपाची बरणी पहिल्यांदा छोटी द्या, पाव किलोची. तूप रवाळ हवं. लोणी कढवताना बेरी बदामी रंगावर आली की गॅस बंद, आणि गाळल्यावर बरणी न हलवता हळू गार होऊ द्यायची. घाईने फ्रिजमध्ये ठेवलं तर कणी धरत नाही.

कागदपत्रं

एफएसएसएआयची, म्हणजे भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना पहिल्या विक्रीच्या आधी. अर्ज त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर होतो. नोंदणी लागेल की परवाना हे उलाढालीवर आणि रोजच्या लिटरवर ठरतं. मिळणारा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा. सोबत पदार्थाचं नाव, घटक, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, किंमत, बॅच, तारीख, पत्ता आणि हिरवी खूण. ही माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत असायला लागते. मराठी नाव हौसेने मोठं छापा, ते वेगळं. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद पनीरवर जीएसटी शून्य झाला आणि तूप-लोण्यावर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुने दरपत्रक घेऊन बसलेल्या सल्लागाराचं ऐकू नका.

कर्ज काढायचं असेल तर २०२० मध्ये सुरू झालेल्या दोन केंद्रीय योजना बँकेत विचारा. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या पीएमएफएमईमध्ये प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान. पशुसंवर्धन पायाभूत निधीत व्याजावर ३ टक्के सवलत. अर्जाआधी योजनेची मुदत तपासा, आणि अनुदान धरून धंदा आखू नका. त्याशिवाय तो उभा राहत असेल तरच अर्ज करा. शिकायला कस्तुरबाग्रामचं कृषी विज्ञान केंद्र आणि महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. दिल्ली-मुंबईच्या महागड्या दोन दिवसांच्या वर्गांआधी तिथे जा.

घरातलं काम, घरातली मजुरी

पदार्थाच्या धंद्यात अर्धं काम धुण्याचं असतं. भांडं आधी कोमट पाण्याने विसळायचं, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासायचं, मग उकळतं पाणी, आणि उपडं घालून सुकवायचं. पहिलंच पाणी कडकडीत घेतलं तर प्रथिनं भांड्याला चिकटून बसतात आणि पुढे त्याचा दगडासारखा थर होतो. कापडं रोज उकळा, उन्हात वाळवा. सेपरेटरच्या चकत्या प्रत्येक वापरानंतर सुट्या करून धुवा; संध्याकाळी धुऊ म्हटलं की त्यांना वास धरतो.

हे काम बहुतेक घरांत आई, बहीण किंवा बायको करते आणि वहीत त्याची एक ओळ नसते. म्हणून मी वरच्या हिशेबात मजुरी धरली. तुम्हीही धरा, आणि ती दर महिन्याला तिच्या खात्यात जमा करा. घरच्या बाईची मजुरी शून्य धरून दाखवलेला नफा खोटा असतो. मला असे धंदे माहीत आहेत जे चांगले चालत होते आणि घरातली बाई थकली तेव्हा बंद पडले.

वडिलांशी भांडू नका. सगळं दूध एकदम दूध संघातून काढून घेऊ नका. रोजच्या दुधाचा चौथा भाग पदार्थाला, बाकी केंद्रावर, असं वर्षभर चालू द्या. केंद्राचा दहा दिवसांचा हिशेब घरखर्च चालवतो, आणि एखादा घाणा बिघडला तर गोठा उपाशी राहत नाही. चौथ्या भागाचा पैसा केंद्राच्या दरापेक्षा किती जास्त आला, हे वडिलांना वहीत दाखवा. वही बघून ते स्वतःच म्हणतील वाढव म्हणून.

वर्षाचं वेळापत्रक

शेवटी एक गोष्ट, जी व्हिडिओवाले सांगत नाहीत. आपल्या बहुतेक म्हशी पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत वितात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दूध भरपूर, आणि दही-चक्क्याची मागणी मंद. मार्चनंतर दूध आटतं, फॅट चढतो, भाव वाढतो, आणि नेमकी तेव्हाच पाडव्याची मागणी येते, मग सारा उन्हाळा. ज्याने हे आखलं नाही तो पाडव्याला बाहेरचं दूध विकत घेतो, आणि त्या दुधाला फळा नसतो.

म्हणून हिवाळ्यात तूप जास्त करा. कोरड्या, हवाबंद डब्यात, उजेडापासून दूर ते महिनोन्महिने टिकतं आणि उन्हाळ्यात भाव जास्त मिळतो. पनीर हिवाळ्यातल्या लग्नांत खपवा. आणि म्हशी कधी भरवायच्या याचं कॅलेंडर आतापासून लिहा. म्हैस दहा-साडेदहा महिने गाभण राहते. मार्चमध्ये ताज्या दुधाची म्हैस हवी असेल तर ती आदल्या एप्रिलमध्ये गाभण गेली पाहिजे. उन्हाळ्यात म्हशी माजावर सहज येत नाहीत; त्यासाठी सावली, अंगावर पाणी, पहाटे आणि रात्री चारा, आणि माज ओळखायला पहाटेची फेरी लागते. गोठ्यात दोन गायी असतील तर त्या पाडव्याच्या हिशेबाने भरवा, गायीला नऊ-सव्वानऊ महिने पुरतात आणि उन्हाचा त्रास म्हशीपेक्षा कमी. गायीच्या दुधाचा चक्का पिवळसर आणि जरा सैल होतो. तो रात्रभर टांगल्यावर आणखी दोन तास वजनाखाली ठेवा.